शब्बाथला बोलू नये ते

“पूर्ण फी? आणि आम्ही?” पनीना इतक्या मोठ्यांदा हसली की तिच्या काडीवरचा हेरिंग माशाचा तुकडा परत ताटलीत पडला. “अगं, पाच मुलांच्या शाळेची पूर्ण फी भरायची म्हणजे राहतं घर विकून तंबूत राहावं लागेल आम्हाला. शब्बाथला बोलू नये, पण निम्म्याच्याही खाली भरतो आम्ही. मागितलं की देतात. तूही माग. लाजायचं काय त्यात?” हे ती गल्लीत नव्याने राहायला आलेल्या एका गरोदर बाईला सांगत होती. प्रार्थना संपली होती, सिनेगॉगच्या मागच्या हॉलमध्ये नेहमीची झुंबड उडाली होती, पोरं टेबलांखालून पळत होती, आणि पनीनाच्या पाठीशी, हातभर अंतरावर, आपल्या धाकट्या मुलासाठी, याइरसाठी, द्राक्षाच्या रसाचा कागदी पेला घेऊन तिर्झा उभी होती. तिला कुणी ढकललं नव्हतं, तरी पेल्यातला रस तिच्या पांढऱ्या बाहीवर सांडला. शब्बाथला, शनिवारच्या त्या विसाव्याच्या दिवशी, डाग धुता येत नाही. ती तशीच तो डाग घेऊन उभी राहिली.

म्हणजे इतकी वर्षं पनीना पूर्ण फी भरतच नव्हती. सात वर्षं तिर्झाने तिचा हेवा केला होता, आणि तो चांगला बारकाईने, एखादं व्रत पाळावं तसा नेमाने केला होता. सकाळी पनीनाची लांबलचक गाडी गल्लीतून पोरं गोळा करत ज्यू शाळेकडे जायची तेव्हा. हॅनुकाच्या सणाला पाचही मुली-मुलगे एकसारखे स्वेटर घालून ओळीत उभे राहायचे तेव्हा. आणि नखामा, पनीनाची चौथी, तिर्झाच्या हदासच्याच वयाची, तोरा या धर्मग्रंथातला आठवड्याचा पाठ हिब्रूतून घडाघडा म्हणायची तेव्हा तर फारच. पण त्या हेव्याला एक तळ होता, त्यावर पाय टेकून तिर्झा उभी राहत असे. त्यांच्याकडे आहे, आपल्याकडे नाही. इतकं साधं. पनीनाच्या नवऱ्याचा, शमायाचा, विम्याचा धंदा चालतो, आणि आपला नवरा नफ्ताली इस्पितळात लोकांना श्वास घ्यायला शिकवतो, त्याचे पैसे मिळतात ते मिळतात. ज्याच्याकडे आहे त्याने मूल धर्माच्या शाळेत घालावं. ज्याच्याकडे नाही त्याने मान ताठ ठेवून मूल सरकारी शाळेत घालावं आणि धर्म घरी शिकवावा. एकट्या हदासची फी घराच्या हप्त्याएवढी होऊ लागली तेव्हा तिर्झाने हेच केलं होतं. गेल्या ऑगस्टमध्ये तिने हदासचं नाव शाळेतून काढलं, आणखी तीन घरं जमवली, आणि सिनेगॉगच्या तळघरात रोज दुपारी चार ते सहा एक वर्ग सुरू केला. दाफना नावाची एक कॉलेजातली पोरगी शिकवायला. घडीच्या खुर्च्या, एक फळा, आणि एका कोपऱ्यात सुक्कोथ सणाच्या मंडपाचे बांबू. लोक म्हणाले, तिर्झाने करून दाखवलं बरं का! धर्मगुरू रब्बींनी तर एकदा प्रवचनात नाव न घेता तिचं कौतुकही केलं होतं. आता तो तळच निखळला. पनीनाकडेही नव्हतं. फक्त तिने मागितलं होतं.

घरी चालत जाताना मे महिन्याचं ऊन छान पडलं होतं आणि नफ्ताली बाबागाडी ढकलत सकाळच्या प्रार्थनेतली एक चाल गुणगुणत होता. हदास पुढे फुटपाथवरच्या भेगा चुकवत उड्या मारत चालली होती. तिर्झाला राहवेना.

“पनीनाला सवलत मिळते शाळेत. निम्म्याहून जास्त.”

“हं,” नफ्ताली म्हणाला.

“हं काय? तुला माहीत होतं?”

“सगळ्यांनाच माहीत आहे. ती स्वतःच सांगत असते की.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

त्याने गुणगुणणं थांबवलं. “तिर्झा, मागच्या उन्हाळ्यात मी सवलतीचं नुसतं नाव काढलं तर दोन दिवस तू माझ्याशी धड बोलत नव्हतीस. माझी ताटलीसुद्धा आदळून ठेवायचीस. म्हटलं, बाबा, जाऊ दे. सरकारी शाळा परवडली, पण हे नको.” आणि तो परत गुणगुणायला लागला. हा माणूस सुखी आहे, याचाही तिला त्या क्षणी राग आला. त्याच्या पोटात कधी दुखत नाही. शेजाऱ्याने नवीन गाडी घेतली तर हा जाऊन तिच्यावरून हात फिरवून येतो.

त्याला काय माहीत, मागणं म्हणजे काय असतं. त्याच्या बापाने मागितलं नव्हतं. तिर्झाच्या आईने मागितलं होतं, दर ऑगस्टला, बाल्टिमोरमध्ये, शाळेच्या कचेरीबाहेरच्या लांब बाकावर बसून. आईकडे दोन जोड बूट होते. त्या दिवशी ती जुने घालायची. बाकावर बसलं की पर्स उघडायची, बोटातली अंगठी काढून रुमालात गुंडाळायची आणि पर्सच्या तळाशी सारायची. अंगठीच्या जागी बोटावर एक पांढरा वळसा उरायचा. मग दार उघडायचं आणि आत बसलेले सवलत समितीतले तीन पुरुष, ज्यातल्या एकाचा मुलगा तिर्झाच्याच वर्गात होता, गोड आवाजात विचारायचे, गाडी अजून आहे का तुमच्याकडे? उन्हाळ्यात कुठे गेला होता का? आई म्हणायची, माझ्या बहिणीकडे, तिने तिकीट काढलं होतं. सहा वर्षांच्या तिर्झाला वाटायचं, आता बहिणीलाही बोलावतील. बाहेर आल्यावर आई अंगठी घालायची आणि एकदम हसून म्हणायची, चला, आइस्क्रीम खाऊ. ते आइस्क्रीम तिर्झाच्या घशाखाली उतरत नसे. वर्गात गेल्यावर त्या पुरुषाच्या मुलाकडे बघायचं ती टाळायची. तो मात्र तिला नेहमी आपली पेन्सिल देऊ करायचा, आणि ती का देतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. असला कीवेपोटी आलेला चांगुलपणा तिने पुढे आयुष्यभर दुरूनच ओळखला, आणि वाट बदलली. लग्न झालं त्या आठवड्यात तिने नफ्तालीला सांगून टाकलं होतं, आपण कुणाकडे काही मागायचं नाही. त्याला वाटलं होतं ती लग्नाच्या आहेरातल्या मिक्सरबद्दल बोलतेय.

आणि पनीना? ती काय अंगठी काढून गेली असेल? शक्यच नाही. ती आपली मोठी निळी हॅट घालून, कानात डूल अडकवून, वाटेत दोघींना हाक मारत आत गेली असेल, खुर्ची ओढून बसली असेल, म्हणाली असेल, हे बघा, पाच आहेत, तुम्हीच सांगा काय करू. आणि त्यांनी हसत हसत दिलं असेल. तिर्झाच्या मनात पहिल्यांदाच एक गोष्ट सरळ उभी राहिली. आपल्याला पनीनाच्या मुलांचा, गाडीचा, शाळेचा हेवा वाटत नव्हता, किंवा वाटत होता तो वरवरचा. तिला मागता येतं, याचा वाटत होता. हात पुढे केला तर तो हात तिला स्वतःचाच वाटत राहतो. ही गोष्ट कुठल्या शाळेत शिकवतात आणि त्याची फी किती असते, कोण जाणे.

जेवणाला चोलंट नावाचं कालवण होतं, रात्रभर मंद आचेवर ठेवलेलं, तळाला किंचित लागलेलं. नफ्तालीने सवयीने हदासला विचारलं, “मग, या आठवड्याच्या पाठात काय काय झालं?” शाळेत असती तर तिच्याकडे कागद असता. तिथल्या सगळ्या मुलांना शुक्रवारी प्रश्नांचा कागद मिळतो, आणि शब्बाथच्या जेवणाला ती बापाला हैराण करतात. सूप गार होतं तरी त्यांचं संपत नाही. पनीना नेहमी तक्रार करायची, पाच कागद म्हणजे पाच प्रवचनं, आमच्याकडे कुणी पोटभर जेवत नाही. ही तक्रार ऐकताना तिर्झा हसायची आणि आतून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हदासने काटा खाली ठेवला, विचार केला, आणि म्हणाली, “आमच्या वर्गातल्या सुरवंटाचं फुलपाखरू झालं. पण त्याचा एक पंख ओला होता.” नफ्ताली म्हणाला, “अरे वा! मग?” आणि दोघं बापलेक ओल्या पंखाबद्दल बोलत बसले. मुलगी सुखात आहे हे तिर्झाला दिसत होतं. सरकारी शाळेत तिला मैत्रिणी मिळाल्या होत्या. एकीच्या वाढदिवसाला ती आपलं वेगळं, धर्माला चालणारं कोशर बिस्किट डब्यातून घेऊन गेली होती आणि मुळीच हिरमुसली नव्हती. हिरमुसली होती ती तिर्झा. पहिलीतल्या मुलांना शाळेत प्रार्थनेचं पहिलं पुस्तक देतात तो समारंभ झाला, तेव्हा पनीनाने नखामाच्या पुस्तकाला निळ्या मखमलीचं कव्हर शिवलं होतं, त्यावर चांदीच्या धाग्याने नाव. आज सकाळी सिनेगॉगमध्ये नखामा ते उघडून बसली होती आणि हदास शेजारी बसून, त्याच पुस्तकात, बोट ठेवून ठेवून वाचत होती. नखामाचं पान वाचून व्हायचं आणि हदासचं बोट अजून तिसऱ्या ओळीवर. नखामा थांबायची. न कुरकुरता थांबायची, आणि तेच तिर्झाला बघवत नव्हतं.

जेवणानंतर घर झोपलं. नफ्ताली सोफ्यावर, याइर पाळण्यात. तिर्झा स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून राहिली. शब्बाथची दुपार लांब असते. फोन नाही, दिवा नाही, लिहिणं नाही, डाग धुणं नाही, जे मनात आलंय ते घेऊन अंधार पडेपर्यंत बसायचं. आणि अशाच एका दुपारची आठवण तिला आली, आणि ती आल्यावर तिला जागचं उठावंसं वाटेना. गेल्या वर्षी, ऑगस्टमध्ये. दोघी चालायला निघाल्या होत्या, मुली पुढे. पनीनाने तिचा दंड धरून आवाज खाली आणला होता. “शब्बाथला बोलू नये, पण शाळेचं एक सांगायचंय तुला...” आणि तिर्झाने हात वर केला होता. “मग नको बोलूस. शब्बाथला पैशाचा विषय मी नाही काढत.” किती थंडपणे म्हणाली होती ती! इथे सगळेच ‘शब्बाथला बोलू नये’ म्हणतात आणि बोलतात. गाड्यांच्या किमती, घरांचे व्यवहार, सगळं त्या तीन शब्दांच्या चिमट्यात धरून बोललं जातं, म्हातारे रब्बीसुद्धा कानाडोळा करतात. पण तिर्झाने त्या दिवशी नियम पाळला. पाळला कसला, पनीनाच्या तोंडावर मारला. तिला वाटलं होतं, ही आता कीव करणार, नाहीतर फुशारकी मारणार. पनीना म्हणाली होती, “बरं बाई, शब्बाथ संपल्यावर.” शब्बाथ संपला. पनीनाने फोन केला होता, दोनदा. तिर्झाने उचलला नाही. पुढच्या आठवड्यात तिने हदासचं नाव काढलं. म्हणजे त्या दुपारी पनीना तिला हेच सांगायला आली होती, की माग, देतात. वर्षभर आपण जो त्याग मिरवला, तो मुळात एका बाईचं वाक्य मधेच तोडल्यामुळे घडला होता. ती उठून पाणी प्यायली, आणि पाणी पिता पिताच तिने ठरवलं. मागायचं. आज. पनीना चारला येईलच, मुलींना घेऊन, नेहमीसारखी. तिलाच विचारायचं, कसं मागतात? कुणाशी बोलायचं, अंगठी काढायची की नाही? वाक्य तिने तीन-चार वेळा मनात जुळवलं. प्रत्येक वेळी शेवटाकडे त्याला आईचा आवाज यायला लागला की ती पुन्हा सुरुवात करायची.

पनीना आली ती बोलतच. मागच्या दारातून, हॅट काढून केसांना साधा रुमाल गुंडाळलेला, हातात सूर्यफुलाच्या बियांची पिशवी. मुली अंगणात पळाल्या. “काय उकडतंय! तुझ्या बाहीला काय झालं? द्राक्षाचा रस? मीठ लाव हं नंतर, लगेच जातो.” ती खुर्चीत बसली आणि बिया फोडायला लागली. तिर्झाने टरफलांसाठी वाटी ठेवली. समोर बसली. मांडीवर हात ठेवले. आता.

“पनीना, मला तुला एक विचारायचं होतं.”

“थांब, आधी मी. नाहीतर माझं राहून जाईल.” पनीनाने बियांची पिशवी बाजूला केली. “शब्बाथला बोलू नये, आणि या वेळी तू मला गप्प केलंस तरी मी बोलणारच आहे, सांगून ठेवते. हदासची जागा झाली. सप्टेंबरपासून, नखामाच्या वर्गात. तुम्हाला झेपेल तेवढी फी. काल ग्रॉसबार्डबाईंशी बोलून आले मी, सवलतीच्या समितीत त्याच आहेत आता. त्या म्हणाल्या, तिर्झाने फक्त हो म्हणायचं, बाकी काही विचारणार नाही कुणी.”

तिर्झा म्हणाली, “तुला कुणी सांगितलं मला हदासला परत शाळेत घालायचंय म्हणून?”

“कुणी सांगायला कशाला पाहिजे? रोज सकाळी पडद्याआड उभी असतेस. माझी पोरंसुद्धा हात करतात तुला, तू दिसत नाहीस असं तुला वाटतं एवढंच.”

रागाने तिर्झाचे कान तापले. दुपारभर तिने स्वतःला सोलून सोलून मागायला तयार केलं होतं, आणि हिने ते मागणंही परस्पर उरकून टाकलं! काल, शुक्रवारी, शब्बाथच्या स्वयंपाकाच्या धांदलीत, बहुधा कोंबडी विकत घ्यायला जाता जाता. “आणि ग्रॉसबार्डबाईंकडे अचानक कुठून आले पैसे?” तिने विचारलं. आवाज तिला हवा त्यापेक्षा कडू निघाला.

पनीनाने एक बी उचलली, फोडली नाही, परत ठेवली. “आमचे,” ती म्हणाली. “म्हणजे आम्हाला देत होते ते. मोकळे झाले ना. आम्ही जातोय, तिर्झा. इस्रायलला. ऑगस्टमध्ये. शमायाचा धंदा गेली दोन वर्षं चालतच नाहीये, ती निम्म्याखालची फीसुद्धा आम्ही त्याच्या भावाकडून घेऊन भरत होतो. तिकडे सरकारी शाळेतच तोरा शिकवतात, फी म्हणशील तर नावाला. किती वर्षं दारोदार मागत फिरणार? मागता येतं म्हणून काय झालं, कंटाळा येतोच की माणसाला.” मग ती हसली, पण नेहमीसारखी नाही. “समितीने विचारलं, तुमच्यानंतर कुणाला द्यावं? मी म्हटलं, जी कधी येणार नाही तिला.”

खिडकीतून अंगण दिसत होतं. नखामा आणि हदास एका पालथ्या बादलीवर पाठीला पाठ लावून बसल्या होत्या. तिर्झाच्या मनात जे आलं ते तिचं तिलाच किळसवाणं वाटलं, आणि तरी आलं. ही जाणार. हिला तेही जमतं. आपण इथे मीठ लावून बाह्या धुवायच्या आणि हिने उठून यरुशलेमच्या डोंगरावर राहायला जायचं, फुकटात, पुण्य गाठीला बांधून, आणि जाता जाता आपली जुनी जागा आपल्याला देऊन, जसे तिने नखामाचे आखूड झालेले कोट हदासला दिले होते. दरवेळी आपण पोचावं आणि हिने पुढे सरकावं! तिचा जळफळाट झाला. पण तो तिथेच अडकला, पुढे जाईना, कारण जिच्यावर जळावं ती समोर उरणारच नव्हती. सप्टेंबरमध्ये ती शाळेच्या फाटकाशी उभी राहील आणि तिथे पनीना नसेल. सकाळी पडदा सारला तर गल्लीतून दुसऱ्याच कुणाची तरी गाडी जाईल आणि त्या गाडीचं तिला काहीही वाटणार नाही. कुगेलचं पुडिंग पनीनापेक्षा चांगलं व्हावं म्हणून ती दालचिनी घालते. घर रंगवताना तिने पनीनाच्या दाराचा रंग मुद्दाम टाळला होता. तो तळघरातला वर्गसुद्धा, खरं बोलायचं तर, पनीनाने बघावा म्हणून. सात वर्षं ती दुसऱ्या कुणाकडे इतकं पाहत आली नव्हती, नवऱ्याकडेसुद्धा नाही.

उपकार झाले, असं म्हणायचं असतं. तिने तोंड उघडलं.

“जाऊ नकोस,” ती म्हणाली.

पनीनाने मान वर केली. “काय?”

“जाऊ नकोस ना, पनीना. मला नको जागा. तळघरात बसू दे हदासला. नखामालाही तिथे पाठव, पाचही जणांना पाठव, दाफना शिकवेल, मी खुर्च्या आणीन, फी नको देऊस. लोक करतातच ना काहीतरी. पण जाऊ नकोस. मी मागतेय तुझ्याकडे.” तिचा आवाज चिरकला आणि तिला त्याची लाज वाटली नाही, लाज नंतर वाटेल, हेही तिला कळत होतं. तिने टेबलावर हात पुढे केला होता, तळवा वर, बियांच्या टरफलांमध्ये.

“बाई गं,” पनीना म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ती ते रुमालाच्या टोकाने पुसत राहिली. “मागायला शिकलीस, आणि मागतेस ते हे? अगं, घर विकलंय. बुधवारी सह्या झाल्या. हळू बोल, नखामाला अजून आम्ही सांगितलं नाहीये. हदास तिच्या वर्गात येणार एवढंच कळलंय तिला, काल रात्री झोपली नाही ती आनंदाने.” तिने तिर्झाचा पुढे केलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यात ठेवायला तिच्याकडे काही नव्हतं, म्हणून नुसताच धरून ठेवला.

अंगणात बादलीवर नखामा हदासला विचारत होती, की सप्टेंबरमध्ये आपण खिडकीजवळ बसायचं की दाराजवळ. हदास म्हणाली, खिडकीजवळ.